भिंतीकडचे

रविवारी घरच्या तराजू कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत कोणी फिरकत नसे. त्या रविवारी मात्र सकाळी अकरालाच घरातली पाचही कर्ती माणसं तिथे येऊन बसली, कारण मधल्या टेबलावर चार तराजू परत आले होते. काचेच्या पेट्या, आत पितळी दांडी, दोन्हीकडे पारडी, मधोमध काडीसारखा बारीक काटा. दिसायला चारही अगदी गुणी. सोबतच्या पत्रात मात्र औषधं बनवणाऱ्या प्रयोगशाळेने सरळ लिहिलं होतं की हे चारही तराजू चुकीचं वजन दाखवतात आणि या घराकडून अशी अपेक्षा नव्हती. पेट्या उलट्या करून पाहिल्या तर चारहींच्या तळाला तपासणाऱ्याची एकच खूण कोरलेली होती. दोन आडव्या रेघा.

दोन रेघा म्हणजे चौकशी.

हे नाव तिला मधल्या काकांनी ठेवलं होतं, ती पाच वर्षांची असताना. हा स्क्रू कशाला, ही काच कशाला, तुम्ही श्वास का धरता, असं तिचं दिवसभर चाले. "ही मुलगी आहे की स्टेशनवरची चौकशीची खिडकी?" असं ते एकदा वैतागून म्हणाले आणि तेव्हापासून ती चौकशीच झाली. आता बेचाळिशी आली, केसांत चांदी उतरली, तरी नाव काही सुटलं नाही. सवय तर नाहीच नाही.

खूण तिची होती, पण तिच्या आधी ती तिच्या बाबांची होती. स्टूलही बाबांचंच. तपासणीच्या खोलीत अशी चार स्टुलं होती, आणि चारही भिंतीकडे तोंड करून. कारण तराजूची शेवटची तपासणी जमिनीवर ठेवलेल्या टेबलावर होत नाही. जमीन हलते. कोणी चाललं तरी हलते, दार आपटलं तरी हलते. म्हणून भिंतीतच एक जाड दगडी फळी बसवलेली होती, जमिनीला कुठेही न टेकणारी. तिच्यावर तराजू ठेवायचा, भिंगातून काट्याचे झोके मोजायचे आणि स्क्रू केसभर फिरवायचा. भिंत हलत नाही, या एका भरवशावर घराची तीन पिढ्यांची अब्रू उभी होती.

त्या फळीशी बसणारे ते भिंतीकडचे. बाकीचे, म्हणजे बांधाबांध करणारे, पत्रं लिहिणारे, गाडीत माल चढवणारे, दाराकडचे. कारखान्यात कुठली सुट्टी द्यायची, कुणाला कामावर घ्यायचं, खिडकीला कुठला रंग लावायचा, सगळं भिंतीकडचे ठरवत. ठरवत म्हणजे काय, जे होतं तेच ठेवत. पुढे तो शब्द कारखान्याबाहेरही पडला. गल्लीत कुणाच्या सासूबाई नवा गॅस घ्यायला तयार नसल्या की लोक म्हणत, "काय करणार, अगदी भिंतीकडच्या आहेत."

"पत्र वाचलंस?" थोरल्या काकांनी विचारलं. वय एक्याऐंशी, पाठ मात्र शिसपेन्सिलीसारखी सरळ.

"वाचलं, काका."

"चार आहेत."

"हो. चारच."

"तुझ्या बाबाचेही चारच आले होते," ते म्हणाले. हे ते दुष्टपणाने म्हणाले नव्हते. पण सकाळपासून चौकशीच्याही डोक्यात तेच चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबांचे चार तराजू असेच, एकामागून एक, परत आले होते. याच खोलीत थोरले आपल्या सगळ्यात धाकट्या भावाला म्हणाले होते, "हात गेला तुझा. आता बस कर." बाबांनी काही वाद घातला नाही. चिमटा डबीत ठेवला, उठले, आणि पुन्हा या खोलीत पाऊल टाकलं नाही. दीड वर्षांनी ते गेले. ते उठल्यानंतर एकही तराजू परत आला नव्हता, त्यामुळे हात गेला होता यावर जणू शिक्काच बसला. गेल्या वर्षी आत्याने हट्ट धरून ते रिकामं स्टूल चौकशीला मिळवून दिलं. आणि आता हे. बापाचा हात लेकीकडे आलाय, असं दाराकडे कुजबुजलं जात होतं, ते तिच्या कानावर आलं होतं. रात्री झोपण्याआधी ती स्वतःची बोटं दिव्यासमोर धरून बघायला लागली होती.

"तर," थोरल्यांनी घसा खाकरला. "उद्यापासून तू दाराकडे. बांधणीला माणूस हवंच आहे. स्टुलावर साहेब बसेल. आणि दोन रेघांची खूण बंद करायची. ती आता बदनाम झाली."

साहेब म्हणजे थोरल्यांचा मुलगा. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खिशात स्वतःच्या नावाची कार्डं बाळगायचा, म्हणून साहेब. सकाळी अंगणात त्याने चौकशीला शब्द दिला होता. "तू घाबरू नकोस. आज मी या भिंतीकडच्यांना सुनावतोच. विजेचे तराजू आणा म्हणून मी घसा फोडतोय, यांना ऐकूच येत नाही." त्या शब्दावर चौकशी जरा निर्धास्त होऊन आत आली होती. तिने साहेबाकडे बघितलं. साहेब शर्टाची बाही बघत होता.

"साहेब, बोल ना. सकाळी काय म्हणत होतास?"

"म्हणजे... मी म्हटलं होतं की बदल हवा."

"मग?"

"बदल आत राहूनच करता येतो ना," साहेब म्हणाला. "भिंतीकडे बसलो तर माझं कोणी ऐकेल तरी."

"झालं!" मधले काका टाळी वाजवून म्हणाले. शहात्तर वर्षांचे मधले कुठल्याही भांडणात आधी हसून घेत आणि मग बाजू ठरवत. "बसायच्या आधीच भिंतीकडचा झाला. मला तरी दोन वर्षं लागली होती."

आत्या हसली नाही. तिने चौकशीची बाजू गेल्या वर्षी घेतली होती, आणि आज ती थोरल्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. "मी तरी काय बोलू, बाळा?" ती म्हणाली. "चार म्हणजे चार. एक असता तर मी भांडले असते."

चौकशीला रडू येईल असं वाटलं, पण त्याच वेळी तिला नेहमीची खाज सुटली. एखादी गोष्ट कळली नाही की तिच्या कानशिलापाशी काहीतरी टकटक करायचं, आणि ते आत्ताही करत होतं.

"काका, काढताय तर काढा," ती म्हणाली. "पण मला ज्यातून काढताय ते काय आहे, एवढं सांगा. भिंतीकडचे म्हणजे कोण?"

"सुरू झाली खिडकी," साहेब पुटपुटला.

"कोण म्हणजे? आम्ही," थोरले म्हणाले.

"तुम्ही आहात ते दिसतंय. कशामुळे आहात?"

"ज्यांचा शब्द शेवटचा ते."

"शब्द नव्हे, दादा, हात," आत्या मध्येच म्हणाली. "ज्यांचा हात कापत नाही ते."

"तुझा चहाचा कप बशीत कसा वाजतो ते रोज ऐकतो मी," मधले म्हणाले.

"कपाचं सोड. चिमटा धरला की माझं बोट हलत नाही. विचार कोणालाही."

"मी सांगू?" साहेब म्हणाला. "एकदा बसले की जे उठत नाहीत ते."

"उभ्या माणसाला तसंच वाटतं," थोरल्यांनी त्याला गप्प केलं. "उद्या बसशील तेव्हा बोल."

मधल्यांना आता रंग चढला होता. "परवा भाजीवाला त्याच्या सासऱ्याला भिंतीकडचा म्हणाला. मी विचारलं, म्हणजे काय रे? तर म्हणतो, काहीही नवीन सांगायला लागलं की वाक्य संपायच्या आत ज्याची मान अशी हलते तो." मधल्यांनी मान नकारार्थी हलवून दाखवली. ती इतकी हुबेहूब थोरल्यांची होती की आत्याही हसली.

"हे झालं आताचं," चौकशी म्हणाली. "पण शब्द आला कुठून? आजोबा म्हणायचे?"

"तात्या?" आत्या विचारात पडली. तात्या म्हणजे तिचे वडील, कारखाना काढणारे. "तात्या 'भिंतीकडचे' असं नाही म्हणायचे. ते म्हणायचे, 'चला भिंतीकडे.' वर्षातून दोनदा. आणि मग धाकटा ताट आणायला पळायचा."

धाकटा म्हणजे चौकशीचे बाबा. तिने स्टूल पुढे ओढलं. "कसलं ताट?"

"जेवणाचं गं, साधं. काठाचं. त्यात पाणी घालायचं आणि भिंतीपाशी ठेवून सगळ्यांनी वाकून बघायचं. बघताना बोलायचं नाही. मला वाटायचं मासा सोडलाय."

"आणि काय बघायचं?"

"पाणी हलतंय का ते," उत्तर मधल्यांनी दिलं. त्यांचं हसू जरा मागे गेलं होतं. "विसरलोच होतो मी हे. तात्या गेले आणि ताट बंद झालं."

"गरज नव्हती," थोरले म्हणाले. "फळी पक्की केली मी. सिमेंटमध्ये."

"कुठल्या भिंतीपाशी ठेवायचे?" चौकशीने विचारलं.

"कुठल्या म्हणजे ह्याच की," आत्या म्हणाली आणि थांबली. तिने मागे वळून फळीच्या समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे जुन्या वजनांचं उंच कपाट होतं. "दादा, फळी तेव्हा तिकडे होती ना? मी त्या बाजूला उभी राहायचे. माझ्या डाव्या हाताला दार असायचं."

"असेल," थोरले म्हणाले.

असेल म्हणे! चौकशी उठलीच. नऊ वर्षांची असताना एक घरंगळलेलं वजन शोधायला ती त्या कपाटामागे शिरली होती आणि तिथे भिंतीत चार वेगळ्या रंगाची ठिगळं तिला दिसली होती, मुठीएवढी, एका ओळीत. हे काय आहे असं विचारल्यावर थोरल्यांनी सांगितलं होतं, "आता चौकशी पुरे." तेहतीस वर्षं ती चार ठिगळं तिच्या डोक्यात तशीच पडून होती.

"साहेब, हात लाव."

"शर्ट खराब होईल."

"लाव रे," मधले म्हणाले, आणि स्वतःच कपाटाला खांदा द्यायला आले. मग साहेबालाही यावं लागलं. कपाट किंचाळत बाजूला सरकलं. धूळ, एक मेलेलं झुरळ, हरवलेलं भिंग, आणि कमरेच्या उंचीवर चार बुजवलेली भोकं. फळीच्या लोखंडी पायांची.

"म्हणजे भिंत बदलली होती," चौकशी म्हणाली.

"बाहेरचा रस्ता झाला तेव्हा," मधले हळूहळू आठवत म्हणाले. "ट्रक जायला लागले. एक दिवस ताटातलं पाणी थरथरलं. तात्या आठ दिवस ताट घेऊन खोलीभर फिरत होते. आज ही भिंत, उद्या ती. मी आणि धाकटा मागे मागे. कामगार हसायचे आम्हाला. 'आले बघा भिंतीकडचे,' म्हणायचे. दिसली भिंत की हे निघाले, म्हणून."

"चिडवायचं नाव होतं हे?" साहेबाला मोठी मौज वाटली.

"चिडवायचंच. आम्हाला राग यायचा. तात्यांना नाही यायचा. ते म्हणायचे, बरोबरच आहे, दुसरं काय करतो आपण?"

थोरल्यांचा चेहरा उतरला. अठ्ठावन्न वर्षं त्यांनी तो शब्द एखाद्या पदवीसारखा मिरवला होता. ते त्या वेळी तेवीस वर्षांचे होते, त्यांना सगळं आठवत असणारच. पण माणूस काय आठवायचं ते ठरवतो, आणि थोरल्यांनी ते फार पूर्वी ठरवून टाकलं होतं.

"काका, ताट ठेवू या एकदा," चौकशी म्हणाली.

हे ऐकून थोरले तिच्याकडे विचित्र नजरेने बघत राहिले. तिला वाटलं, ओरडतील. पण ते इतकंच म्हणाले, "ठेव. म्हणजे तुझ्या मनात काही राहायला नको."

जेवणाच्या डब्यांबरोबर घरून आलेलं एक ताट आत्याने पुसून दिलं. पाणी घालून चौकशीने ते फळीवर ठेवलं आणि पाचही जणं वाकली. घड्याळात साडेबारा झाले होते. कोणी श्वास घेत नव्हतं. श्वास धरण्यात त्या घराचा हात कोणी धरला नसता, साहेबाचासुद्धा. पाणी काचेसारखं स्वस्थ होतं. पाच मिनिटं गेली. एक माशी आली, काठावर बसली, गेली. पाणी काही हललं नाही.

"झालं समाधान?" थोरले सरळ झाले. आवाजात पहिला ठसका परत आला होता. "भिंत आहे तिथेच आहे. साहेब, उद्या नऊला ये. चिमटा स्वतःचा आण."

"हो बाबा," साहेब म्हणाला, आणि चौकशीकडे न बघता म्हणाला, "सॉरी हं."

सगळे बाहेरच्या खोलीत जेवायला गेले. ताट उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. चौकशीला भूक नव्हती. ती आपला खण रिकामा करत बसली. भिंग, मऊ ब्रश, बाबांचा चिमटा, बाबांची चष्म्याची दोरी. सगळं शोधून झालं, शब्दाचं मूळ सापडलं, भोकं सापडली, आणि हाती काय आलं? आपला हात गेलेला आहे, एवढंच. आणि बाबांचाही गेलेला होता. तिला स्वतःचं वाईट वाटत होतंच, पण बाबांचं जास्त वाटत होतं. मनात कुठेतरी तिला वाटत होतं की या स्टुलावर बसून एक वर्ष नीट काम केलं तर बाबांच्या दोन रेघा पुन्हा उजळतील. ती रेघा पुसूनच उठत होती. मग ती जरा रडली. पलीकडून साबणाचा वास येत होता. भिंतीच्या त्या बाजूला पूर्वी कागदाचं गोदाम होतं, आता हॉटेलांच्या चादरी धुणारा कारखाना आला होता, आणि त्यांच्या वाफेने इथल्या खिडकीच्या काचा चिकट होतात म्हणून आत्या त्यांना तीन वर्षं शिव्या घालत होती.

खण रिकामा करायला वेळ लागला, आणि बाहेर रविवारची जेवणंही गप्पांत लांबली. दार वाजलं. थोरले खोलीला कुलूप लावायला आले होते, हातात किल्ली होती. ती पाठमोरीच म्हणाली, "पाच मिनिटं, काका."

तिने वळून पाहिलं तर थोरले खोलीच्या मधोमध उभे होते आणि छताकडे बघत होते.

छपरातल्या काचेतून ऊन आता फळीपर्यंत सरकलं होतं, नेमकं ताटावर. पाण्यावरून उडालेला उजेडाचा एक गोल तुकडा छतावर पडला होता. तो तुकडा थरथरत होता. बारीक, भराभर, अजिबात न थांबता.

चौकशी ताटाकडे धावली आणि वाकली. पाण्यावर केसाएवढ्या गोल रेघा उमटत होत्या.

थोरल्यांनी तळहात भिंतीवर ठेवला. मग कान लावला. मग पुन्हा तळहात.

"वाजले किती?"

"दोन वाजून दहा मिनिटं."

"तू किती वाजता बसतेस कामाला?"

"दोनला. आईचं जेवण, औषध उरकून येते. तुम्ही तिघं उठता त्यानंतरच."

"आम्ही बारालाच उठतो," थोरले म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते. "आणि तो?"

"बाबा पण दुपारीच बसायचे. सकाळी तुमच्या गप्पा चालतात म्हणून."

थोरले पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ताट उचललं. खोलीत दोघंच होते. मोरी तीन पावलांवर होती. पाणी ओतून दिलं असतं, किल्ली फिरवली असती, तर उद्यापासून साहेब सकाळी नऊला बसला असता, दुपारी त्या फळीशी कोणीच नसतं, एकही तराजू परत आला नसता, आणि दोघांचे हात कायमचे गेलेलेच राहिले असते. हे तिला दिसलं, आणि हे त्यांनाही दिसतंय हेही तिला दिसलं.

थोरले ताट घेऊन बाबांच्या स्टुलावर बसले.

"त्याने ताट मागितलं होतं," ते म्हणाले.

"कोणी?"

"तुझ्या बाबाने. पहिला तराजू परत आला तेव्हा. म्हणाला, दादा, एकदा ताट ठेवून बघू या का? मी म्हटलं, भिंतीवर संशय घेतोस? स्वतःचा हात बघ आधी." थोरल्यांनी ताट मांडीवर टेकवलं. "त्याने बघितला. इथेच. माझ्यासमोर हात असा धरला आणि बघत बसला. मी दहा वेळा बोललो असेन त्याला, म्हणून कापायला लागला तो हात. मी म्हटलं, बघ."

चौकशीला इतका राग आला की बोलताना तिचा आवाज फाटला. "ते शेवटपर्यंत हात पांघरुणाखाली ठेवायचे, काका. डॉक्टर आले तरी बाहेर काढायचे नाहीत. मला वाटायचं थंडी वाजते."

थोरल्यांनी मान खाली घातली. ताटातलं पाणी आता चांगलंच हिंदकळत होतं, आणि आता त्याला भिंतीचा हादरा कारण नव्हता.

मग ते उठले आणि दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली. "या सगळे. हातातलं राहू द्या. या."

आत्या ओल्या हातांनी आली. मधले घास चावत आले, साहेब त्यांच्या मागे. थोरल्यांनी ताट पुन्हा फळीवर ठेवलं आणि छताकडे बोट केलं. उजेडाचा तुकडा थरथरत होता. मधल्यांनी लगेच भिंतीला कान लावला, लहान पोरासारखा गाल चेपून. "पिळताहेत," ते म्हणाले. "चादरी पिळायचं यंत्र ठेवलंय मेल्यांनी, आपल्या भिंतीला टेकून. दुपारी सुरू करत असतील. आम्ही तोवर घरी घोरत असतो."

"मग चारही तराजू..." आत्या म्हणाली.

"आठ," थोरले म्हणाले. "चार हिचे, चार त्याचे. धाकट्याचा हात गेला नव्हता. गेला म्हणून मी सांगितलं. तुम्ही माझं ऐकलंत, आणि त्यानेही ऐकलं."

हे त्यांनी उभं राहून, सगळ्यांसमोर, स्पष्ट सांगितलं. आत्याने तोंडाला पदर लावला. मधल्यांच्या तोंडात घास तसाच राहिला. चौकशीचा राग गेला नाही, तो एवढ्यात जाणारही नव्हता. पण तिने नकळत आपली दोन्ही हातांची बोटं पसरून उन्हात धरली. ती स्थिर होती.

"शेजाऱ्यांना पत्र लिहितो मी," साहेब म्हणाला. त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. "कडक पत्र. आणि बाबा, माझं स्टूल? म्हणजे उद्या नऊला मी यायचं ना? भिंतीकडचे आता कोण कोण?"

"ते मग बघू," थोरले म्हणाले. "आधी भिंत शोधायची आहे. कपाट पूर्ण बाजूला घे. ती दारामागची भिंतही मोकळी कर. शर्ट काढून ठेव हवं तर."

साहेबाने एकदा मधल्यांकडे बघितलं. मधले बाह्या सरसावतच होते. मग त्यानेही शर्ट काढून खुंटीला लावला.

थोरल्यांनी ताट उचललं आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला निघाले. पाच-सहा पावलांचं अंतर. दोन पावलांवर पाणी काठावरून सांडलं, त्यांच्या चपलांवर. तिसऱ्या पावलाला पुन्हा सांडलं. ते थांबले. अठ्ठावन्न वर्षांत त्या खोलीत त्यांच्या हातून काही सांडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सगळे बघत होते.

त्यांनी ताट चौकशीपुढे केलं.

"धर," ते म्हणाले. "माझा हात कापतोय."

चौकशीने ताट घेतलं. पाणी एकदा डुचमळलं आणि तिच्या हातांत स्वस्थ झालं.

"आधी कुठली भिंत, काका?" तिने विचारलं.